आईच्या हातातली रोजची कामं बिघडायलीत, हे वय म्हणायचं का डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) सुरुवात?

तेरणाकाठ:
नमस्कार मंडळी. आमचं गाव औसा तालुक्यात, मी नोकरीसाठी पुण्यात, आई गावी थोरल्या भावाकडं असते, वय ७१. वर्षभरापासून तिच्यात काही फरक दिसायलेत आणि त्यावरून घरात दोन मतं झालीत म्हणून इथं विचारायलोय. लांबण लागेल, पण बारीकसारीक सांगितल्याशिवाय कळणार नाही.

नावं न आठवणं, चष्मा कुठंतरी ठेवून शोधत बसणं हे सगळ्यांच्याच घरी चालतं, त्याचं काही वाटत नाही. मला खटकलंय ते तिच्या हातातलं काम. यंदा येळवशीला भज्जी बिघडली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्ष अमावस्येला सगळं गाव शेतात जातं, कडब्याच्या कोपीत पांडव पुजतात, आणि भज्जी, आंबील, उंडे, खीर असा बेत असतो. भज्जीत तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, पालेभाज्या आणि बेसन, आणि कशानंतर काय टाकायचं ह्यावरच सगळी चव असते. आईची भज्जी गल्लीत नावाजलेली, नव्या सुना तिला विचारून करायच्या. यंदा दाणे शिजत घातले आणि मग पुढं काय करायचं ते तिला सुचेना, चुलीपुढं नुसती बसून राहिली, वैनीनं विचारलं तर तिच्यावरच ओरडली.

मग हिशोब. आई चौथी शिकलेली पण बचत गटाचे सगळे हप्ते तोंडपाठ, कुणाचे किती राहिले ते वही न बघता सांगायची. आता दूधवाल्याला पैसे देऊन परत द्यायला निघते, सुट्टे किती यायला पाहिजेत ते कळत नाही, आणि गटाच्या मीटिंगला जायचंच सोडलंय. का म्हणून विचारलं तर म्हणते तिथं काय ठेवलंय आता. फोनवर एकाच बोलण्यात तीन-चारदा विचारते, जेवलास का, लेकराची शाळा सुरू झाली का, आणि दरवेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं.

सगळ्यात वाईट म्हणजे चोरीचा आळ. कानातली फुलं सापडत नव्हती, आईनं सरळ वैनीचं नाव घेतलं, आल्यागेल्याला सांगितलं. पुढं ती फुलं ज्वारीच्या कणगीत सापडली. ती तिथं तिनंच ठेवलेली, पण ते तिला मान्यच नाही.

भाऊ म्हणतो वडील गेल्यापासून तिचं मन लागत नाही, त्यात वय, दवाखाना नको. वैनी दिवसभर तिच्यासोबत असते, ती म्हणायली की हे साधं नाही, दाखवा. मला वैनीचं पटतंय. कुणाला अनुभव असेल तर सांगा, अजून काय बघायला पाहिजे आणि कुठं दाखवायचं.

साधा_माणूस:
दादा, वय झालं की हे होतंच. आमची आजी पण शेवटी शेवटी कुणाला ओळखत नव्हती, घरचे म्हणायचे म्हातारचळ, आणि सांभाळून घ्यायचे. उगीच तपासण्यांत पैसा जाईल, म्हातारीला त्रास होईल, आणि ह्या आजारावर औषधच नाही म्हणतात. मग कळून तरी काय करायचं?

तालुक्याचा_डॉक्टर:
तेरणाकाठ, तुम्ही जसं लिहिलंय तसंच डॉक्टरला सांगा, ह्यातलं एकही वाक्य गाळू नका. इथं बसून मी निदान करणार नाही, पण आईंना दाखवायलाच पाहिजे.

साधा माणूस, तुमचा प्रश्न माझ्या ओपीडीत रोज येतो म्हणून सविस्तर लिहितो. देशभरात मोठी पाहणी झाली, २०२३ साली तिचे आकडे आले, साठीच्या पुढं डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के निघालं, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. आकडा मोठा आहेच, पण ह्याचाच अर्थ असा की शंभरातल्या ब्याण्णव-त्र्याण्णव जणांना साठीनंतरही हा आजार नसतो. मग वय झालं की होतंच असं कसं म्हणायचं? वयानं धोका वाढतो हे खरं, पण आजार तो आजार.

आता फरक कसा ओळखायचा. पाव्हण्याचं नाव आठवलं नाही आणि तो गेल्यावर आठवलं, हे वयाचं. पाव्हणा काल घरी जेवून गेला हेच पुसलं जाणं, आठवण करून दिली तरी 'कोण आलं होतं?' म्हणणं, हे वेगळं. वस्तू हरवली तर आपण मागं कुठं कुठं गेलो होतो ते आठवून शोधतो, ह्या आजारात ते मागं जाणंच जमत नाही, मग वस्तू कुणीतरी नेली असंच त्या माणसाला खरोखर वाटतं. म्हणून आळ येतो, आणि तो बहुतेक वेळा जो सगळ्यात जास्त करतो त्याच्यावरच येतो, कारण जवळ तोच असतो. तुमच्या वैनींना हे आवर्जून सांगा.

आणि तुम्ही म्हणता ते हातातलं काम, ती फार मोठी खूण आहे. स्वयंपाक, पैशाचा व्यवहार, गोळ्या वेळेवर घेणं, एकट्यानं बाजार करून येणं, ह्यात टप्पे असतात आणि मेंदूला ते ओळीनं सांभाळावे लागतात. सुरुवातीला इथंच गडबड दिसते. अंघोळ, कपडे, जेवण हे पुष्कळ पुढपर्यंत नीट चालतं म्हणून वरवर बघणाऱ्याला माणूस ठणठणीत दिसतो.

औषध नाही म्हणून दाखवायचं नाही, हे मात्र मला अजिबात पटत नाही. विसरण्याची काही कारणं अशी आहेत की त्यांना चांगला इलाज आहे. व्हिटॅमिन बी-१२ कमी असणं, आणि आपल्याकडं माळकरी घरं पुष्कळ, अंडं-मटण नाही, दूध चहापुरतं, शिवाय शुगरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ अजून कमी होतं. थायरॉईड कमी असणं. रक्तातलं सोडियम उतरणं. डोक्याला मार लागून कवटीच्या आत हळूहळू रक्त साठणं. झोपेच्या गोळ्या, खाजेसाठी-सर्दीसाठी मेडिकलवरून आणलेल्या काही गोळ्या, म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर ह्यांचा वाईट परिणाम होतो. आणि उदासीचा आजार, तुमचे भाऊ म्हणतात ते मन न लागणं, तेसुद्धा विसरण्यासारखंच दिसू शकतं आणि त्यालाही इलाज आहे. म्हणजे तुमच्या भावाचं म्हणणं खरं असलं तरी दवाखान्यात जायलाच पाहिजे.

अल्झायमर निघाला, डिमेन्शियाच्या शंभरात साठ-सत्तर जणांना तोच असतो, तर तो बरा होत नाही हे खरं. डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काही जणांचं रोजचं काही काळ बरं चालतं. पण लवकर कळलं तर पेशंट स्वतः आपल्या बाबतीत चार गोष्टी ठरवू शकतो, त्याची किंमत मोठी आहे.

परभणीकर_सून:
तेरणाकाठ दादा, मी तुमच्या वैनीच्या जागी आहे म्हणून लिहायलेय. आमच्या सासूबाईंचं पण असंच आळानं सुरू झालं. आधी लुगडी, मग पेन्शनचे पैसे, मग शेंगदाण्याचा डबा. नणंद यायची दिवाळीला, चार दिवस राहायची, तेव्हा सासूबाई एकदम नीट, गोष्टी काय सांगतील, जुन्या लग्नातल्या जेवणावळी काय सांगतील, मग नणंद म्हणणार आई तर चांगली आहे, वैनीच काहीतरी लावून द्यायली. लई लागतं हो मनाला. जुनं सगळं आठवतं आणि सकाळचं आठवत नाही हे चार दिवसांच्या पाव्हण्याला कळतच नाही.

मग मी लिहायला लागले, लेकराच्या जुन्या वहीत, तारीख टाकून. आज गॅस चालू ठेवला. आज मारुतीच्या देवळातून येताना दुसऱ्या बोळात गेल्या, शेजारचा पोरगा घेऊन आला. आज दुपारी जेवल्या आणि परत जेवायला मागितलं. भांडण म्हणून नाही लिहिलं, जसं झालं तसं. ती वही डॉक्टरांनी पूर्ण वाचली आणि नंतर नणंदेला पण तीच दाखवली. तुमच्या वैनीला म्हणावं लिही, आणि लिहिताना आधी काय यायचं आणि आता काय येत नाही असं लिही.

आणि एक, दिवस मावळला की जास्त होतंय का बघा. आमच्याकडं सांजच्याला घरी जायचं घरी जायचं लावायच्या, स्वतःच्याच घरात बसून.

बालाघाट:
मी बीड जिल्ह्यात बँकेत काउंटरवर बरीच वर्षं काढली, आता रिटायर. घरच्यांच्या आधी आम्हाला कळायचं असं पुष्कळदा झालंय. ज्या मावशी स्वतः स्लिप भरून द्यायच्या त्या स्लिप हातात घेऊन उभ्या राहायच्या. सकाळी पैसे काढून दुपारी परत काढायला यायचे काही जण, आणि सकाळी आलो होतो हे मान्यच करायचे नाहीत. सही बदलते, पिन आठवत नाही म्हणून तो कागदावर लिहून एटीएमवर उभ्या असलेल्या कुठल्याही पोराच्या हातात देतात. आणि फोनवरून केवायसी म्हणून फसवणारे, त्यांच्या तावडीत असे लोक फार लवकर सापडतात. पूर्वी व्यवहाराला पक्का असलेला माणूस अचानक कुणालाही पैसे द्यायला लागला, तर त्याला भोळा म्हणून सोडून देऊ नका.

पासबुक भरून आणा आणि गेल्या वर्षाच्या एन्ट्र्या बघा, आईंच्या नकळत झडती घेतल्यासारखं नको, सोबत बसून. कधी बदल सुरू झाला ते पासबुकात स्पष्ट दिसतं.

तेरणाकाठ:
सगळ्यांचे आभार, डॉक्टरसाहेब तुमचा प्रतिसाद मी भावाला पूर्ण वाचून दाखवला. दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. आईला शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू आहे कितीतरी वर्षांपासून. आणि दिवाळीच्या आधी धुण्याच्या दगडापाशी घसरून पडली होती, डोक्याला टेंगूळ आलं होतं पण रक्त नाही, म्हणून कुणी काही केलं नाही. अजून एक, ती टीव्ही फार मोठा लावते आणि बोललेलं कमी ऐकू येतं. ह्याचा काही संबंध?

तालुक्याचा_डॉक्टर:
तिन्हीचा आहे. पडल्यावर कवटीत साठणारं रक्त काही आठवड्यांनी त्रास देतं, वरून जखम नसली तरी. विसरणं पडायच्या आधीपासून असेल तर ते एकच कारण नसेल, पण पडल्यानंतर एकदम वाढलंय का ते वैनींना विचारा, आणि डॉक्टरांना पडल्याचं आधी सांगा, सीटी स्कॅन त्यासाठीच करतात. डोकं सतत दुखणं, एका बाजूचा हातपाय कमजोर वाटणं, दिवसा फार झोप येणं असं काही असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी न्या.

बी-१२ करून घ्या, सोबत थायरॉईड, सोडियम, शुगर, किडनी, हिमोग्लोबिन. शुगर फार खाली जात असेल तरी माणूस गोंधळतो.

कान तपासाच. ऐकूच आलं नाही तर लक्षात काय राहणार? शिवाय बहिरेपण हे डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या कारणांतलं एक मोठं कारण आहे.

गावाकडच्या लोकांना अजून एक सांगतो. काही ठिकाणी घड्याळ काढा, शंभरातून सात वजा करत जा, असल्या परीक्षा घेतात. शाळा न शिकलेल्या माणसाला ते आजार नसतानाही येत नाही. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत निरक्षर माणसांसाठी म्हणून वेगळी हिंदी चाचणी बनवली गेली ती ह्याचसाठी. डॉक्टरांना आईंचं शिक्षण सांगा आणि त्या काय काय करत होत्या ते सांगा. बचत गटाचा हिशोब तोंडी करणारी बाई आता सुट्टे पैसे ओळखत नाही, मार्क किती पडले ह्यापेक्षा हे जास्त बोलकं आहे.

गोदाकाठची:
नांदेडहून. आमच्याकडं सुरुवात विसरण्यानं झालीच नाही म्हणून लिहिते. ह्यांना अंगणात लहान लेकरं दिसायची. घाबरायचे नाहीत, शांतपणे सांगायचे, ती बघ खेळायलीत. त्याच्याही आधी कितीतरी वर्षं झोपेत ओरडायचे, लाथा मारायचे, स्वप्नात भांडण चाललंय तसं हातवारे करायचे, आम्ही समजायचो दिवसभराचा ताण. मग चाल बारीक झाली, हात कडक. एक दिवस सगळं व्यवस्थित, पेपर वाचून बातम्या सांगणार, दुसऱ्या दिवशी शर्टाची बटणं लावता येईनात. नातेवाईक देवाधर्माचं सांगायचे, बाहेरचं काही आहे म्हणायचे. मेंदूच्या डॉक्टरांनी लेवी बॉडी डिमेन्शिया सांगितला. विसरायला लागला तरच हा आजार असं समजून बसू नका, एवढंच.

तालुक्याचा_डॉक्टर:
ताई, फार बरं केलं लिहिलंत. ह्या प्रकारात भास थांबवायला म्हणून हॅलोपेरिडॉलसारखी औषधं दिली तर माणूस एकदम आखडतो, जिवावरही बेतू शकतं, म्हणून दुसऱ्या कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी आजाराचं नाव पहिल्यांदा सांगा, कागद जवळ ठेवा. काही जणांत, विशेषतः पन्नाशी-साठीत, आधी स्वभावच बदलतो, भिडस्त माणूस चारचौघांत काहीही बोलतो, जवळचं कुणी वारलं तरी त्याला काही वाटत नाही, आणि स्मरण चांगलं असतं. तोही डिमेन्शियाचाच एक प्रकार. लकव्याचे छोटे झटके येऊन होणारा वेगळा, त्यात बऱ्याचदा पायरी-पायरीनं उतरत जातं.

आणि एका-दोन दिवसांत माणूस एकदम बरळायला लागला, ओळखेना, तर तो डिमेन्शिया समजून घरी ठेवू नका. लघवीचं इन्फेक्शन, न्यूमोनिया, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात पाणी कमी पडणं, ह्यानं तसं होतं, आणि ते तातडीचं आहे.

कोर्टकचेरी:
विषय निघालाय तर जमिनीचं बोलतो, कारण मराठवाड्यात ह्या आजारात पहिली धाव दवाखान्याकडं नाही, रजिस्ट्री ऑफिसकडं जाते. म्हाताऱ्या माणसाला गाडीत घालून नेतात, अंगठा घेतात, बक्षीसपत्र होतं, आणि मग पाच-दहा वर्षं भाऊ-बहिणी दिवाणी कोर्टात. हे मी इतकं बघितलंय की चीड येते.

डिमेन्शियाचं निदान झालं म्हणजे त्या दिवसापासून माणसाची सही रद्द असं नसतं. सुरुवातीच्या काळात आपण काय करतोय हे समजत असेल तर मृत्युपत्र करता येतं, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडावा, साक्षीदार चांगले असावेत. आईंची काय इच्छा आहे ते आईंना विचारा, आत्ता, सगळी भावंडं समोर असताना. बँकेत नॉमिनी बघून घ्या. आणि मुखत्यारपत्र करून ठेवलं की झालं अशी समजूत आहे ती चुकीची आहे, करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणं मुखत्यारपत्र देणाऱ्याची मनःस्थिती ठीक राहिली नाही की ते संपतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी ते चालत नाही. आणि मुलं बघत नसतील तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं उपविभागीय अधिकाऱ्यांकडं अर्ज करून निर्वाह मागता येतो. हा कायदा आल्यानंतर केलेली बक्षीसपत्रंसुद्धा, सांभाळायच्या अटीवर दिलेली असतील आणि सांभाळलं नाही तर, रद्द होऊ शकतात.

साधा_माणूस:
मी वर जे लिहिलं त्यावर एवढं वाचायला मिळालं, बरं वाटलं. बी-१२ चं हे मला नवीन आहे. मग हा आजार आपल्याला टाळता येतो का काही करून?

तालुक्याचा_डॉक्टर:
हमी नाही. पण २०२४ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या कमिशननं, म्हणजे तज्ज्ञांच्या समितीनं, १४ कारणं सांगितलीत आणि ती सगळी आवरली तर सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल असा अंदाज दिलाय. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, बहिरेपण, मोतीबिंदू वगैरेनं नजर जाणं, सिगारेट, दारू, डोक्याला मार, एकटेपण, न चालणं ह्यात येतं. चाळिशी-पन्नाशीतलं बीपी सांभाळणं आणि मोटरसायकलवर हेल्मेट घालणं, दोन्ही आजपासून जमण्यासारखं आहे. एकटेपणाचं म्हणाल तर भजनी मंडळ, बचत गट, पारावर बसणं हे सुटू देऊ नका.

उदगीरची_लेक:
तेरणाकाठ, कुठं दाखवायचं ते कुणी सांगितलं नाही म्हणून लिहिते. मेंदूविकार तज्ज्ञ किंवा मानसोपचार तज्ज्ञ, दोघांपैकी कुणीही चालतं. सरकारीत लातूरला मेडिकल कॉलेज आहे, तुम्हाला तेच जवळ, बाकीच्यांना अंबाजोगाई, नांदेड, संभाजीनगरची घाटी. जिल्ह्याला मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर असतात, कुठल्या दिवशी ओपीडी ते आधी विचारून जा. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे दोन्ही सरकारी नंबर फुकट आहेत, सांभाळणाऱ्यानंही १४४१६ ला फोन करायला हरकत नाही.

आईंना नेताना वेडाचा डॉक्टर, विसरायचा डॉक्टर असं काही म्हणू नका, घाबरतील. शुगर आहे ना, मग शुगरची वर्षाची तपासणी म्हणून जा, ते खोटंही नाही. आणि घरात सगळ्यांनी एक सोडा, 'आत्ताच सांगितलं ना', 'आठवत नाही का'. विचारलं की परत सांगायचं, पहिल्यांदा सांगितल्यासारखं. फुलं हरवली म्हणाल्या की मी नाही घेतली असं भांडत बसण्यापेक्षा चला शोधू म्हणून सोबत उठायचं. आम्ही माझ्या वडिलांचं पाकीट जिथं तिथं सापडायचं म्हणून तसलंच दुसरं घेऊन ठेवलं होतं, दहा-दहाच्या नोटा घालून. त्यांचं काम पण एकदम काढून घेऊ नका. भज्जी पूर्ण जमत नसेल तर दाणे सोलायला द्या, मेथी निवडायला द्या.

तेरणाकाठ:
भावाशी काल बोललो, तो तयार झालाय, स्वतःच म्हणाला पडली होती त्याचं मलाच टेन्शन आहे. वैनीला मी फोन करून सांगितलं की आळ हा आजाराचा भाग असू शकतो, ती फोनवर रडली, म्हणाली एवढ्या दिवसांत कुणी असं बोललं नव्हतं. पडल्यानंतर वाढलंय का विचारलं तर ती म्हणाली थोडं वाढलंय, दुपारी झोपते पण जास्त. म्हणून थांबत नाही, आज रात्रीच्या गाडीनं निघतोय, उद्या सकाळी लातूरला नेतो. वैनी वही घेऊन सोबत येणार आहे. अजून काय घ्यायला पाहिजे?

तालुक्याचा_डॉक्टर:
लवकर निघालात ते योग्य केलंत. घरात असतील त्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा एका पिशवीत घाला, मेडिकलवरून आणलेल्या, आयुर्वेदिक, बामसुद्धा. जुने रिपोर्ट आणि चष्मा घ्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती वेगळी दाखवा. सकाळची शुगरची गोळी देऊन उपाशी नेऊ नका, काहीतरी खाऊ घाला. आणि डॉक्टरांशी वैनींना पाच मिनिटं वेगळं बोलू द्या, आईंच्या समोर त्यांना सगळं सांगता येणार नाही.